गालिच्यातला दुसरा लाल

आमच्या हिंजवडीच्या घरात वरच्या खोलीत एक इराणी विद्यार्थिनी भाड्यानं राहायची. मायदेशी परतताना तिनं तिच्या आईनं विणलेला गालिचा मला दिला. अर्ध्यावर त्याचा लाल एकदम वेगळाच दिसत होता. मी फटकन म्हणाले, "अगं, याचा रंग गेलाय!"

ती हसली. आई विणत असतानाच त्यांच्या भटक्या टोळीनं मुक्काम हलवला, पुढची लोकर नव्या ठिकाणच्या पाण्यात रंगवली, म्हणून लाल बदलला, म्हणे.

तेव्हापासून माझं डोकंच चालेनासं झालंय. खिडकीतून बघते, तर आमच्या भातखाचरात आयटी कंपनीची काचेची इमारत. घरात टँकरचं पाणी. अहो, ते लोक निदान उठून दुसरीकडे गेले होते. आम्ही तर जागचे हललोसुद्धा नाही. मग आमचं पाणी कसं बदललं?