नकळत अकरा दिवस

१८ जून २०२५, बुधवार. बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्याच्या काउंटरवर जिनेंद्रअण्णा बोरगावे यांनी दोन लाख शहाऐंशी हजार चारशे पन्नास रुपये भरले, पावती घेतली, ती सावकाश वाचली आणि परत काउंटरवर ठेवली. पेशंटचं वय चुकलं होतं. चंदना छप्पन्न वर्षांची, पावतीवर पासष्ट.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, उद्या ऑपरेशन आहे. वयाचं काय एवढं?"

"तिनं बघितलं तर उद्याचं ऑपरेशन माझं व्हईल," अण्णा म्हणाले.

मुलगी हसली आणि पावती नवीन करून दिली. अण्णांनी ती पुन्हा एकदा वाचली, मगच खिशात घातली.

वाचल्याशिवाय सही नाही आणि मोजल्याशिवाय पावती नाही, ही त्यांची सवय निपाणीत सगळ्यांना ठाऊक होती. तिथल्याच कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि पतसंस्थेत कारकून म्हणून लागले. तेहतीस वर्षांत शाखाधिकारी झाले, आता निवृत्तीला आठ महिने उरले होते. लग्नालाही तेहतीसच वर्षं झालेली. एवढ्या काळात त्यांना घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं ते माहीत नव्हतं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायचे तेही चंदनाच्या आग्रहाखातर. जैन असूनही संध्याकाळी साडेसातला स्टँडजवळच्या गाड्यावर दोन प्लेट कांदाभजी खाल्ल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे. चंदनाला ते वासावरून कळायचं. ती काही बोलायची नाही, नुसतं त्यांचं ताट वाढायची आणि स्वतः पाणीही घ्यायची नाही. सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही हा नियम तिनं एकोणिसाव्या वर्षी घेतला होता. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नव्हता. औषध आणलं तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कव्हर कशाचं हाय विचारलंसा न्हवं?"

मे महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. गावातल्या डॉक्टरांनी आधी कावीळ म्हटलं, मग तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाच्या टोकाला गाठ निघाली. कॅन्सर. वेळेत सापडला म्हणून ऑपरेशन करता येत होतं.

ऑपरेशन नऊ तास चाललं. स्वादुपिंडाचा भाग, पित्ताशय, जठराचा आणि आतड्याचा तुकडा काढून उरलेलं पुन्हा जोडलं. सहाव्या दिवशी आतला एक जोड पाझरायला लागला. ताप चढला, पोटाला आणखी एक नळी बसवली. दहा दिवसांची सुटी टाकून आलेले अण्णा अठ्ठावीस दिवस बेळगावात राहिले. नळीतून पिशवीत किती पाणी येतं ते नर्स दिवसातून दोनदा लिहायची, अण्णा चारदा लिहायचे. एकदा दोन आकडे जुळले नाहीत आणि नर्सचा चुकला निघाला, तेव्हापासून ती येताना विचारायची, "अण्णा, किती झालं?"

१६ जुलैला चंदना घरी आली. गेली तेव्हा बावन्न किलो होती, आली तेव्हा अडतीस किलो चारशे ग्रॅम. अण्णांनी साठलेली रजा टाकली आणि मिठाचा डबा शोधला. मुगाची मऊ खिचडी, तांदळाची पेज, ज्वारीची आंबील असं एकेक शिकले. दिवसातून आठ वेळा थोडंथोडं खायचं होतं आणि चंदनाचा नियम आडवा येत होता, म्हणून त्यांनी आठही वेळा सूर्योदय ते सूर्यास्तात बसवल्या. दर दीड तासाला वाटी हजर. शेजारच्या जयाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अण्णा, बँक घरातच काढलीसा की. उघडायची येळ ठरल्याली, बंद व्हायची ठरल्याली."

पण खाल्लेलं अंगी लागेना. पोटात गेलं की तासाभरात तेलकट होऊन बाहेर पडायचं. चंदनाला त्याचीच लाज जास्त. कपडे धुवायला अण्णा घ्यायचे आणि ती तोंड फिरवायची. वजन सदतीस किलो शंभरवर आलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पुढचे केमोथेरपीचे डोस बारा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. वजन एकोणचाळीसच्या वर गेलं तर देतो. या अंगावर देणार नाही." म्हणजे अकरा सप्टेंबरपर्यंत. आणि त्यांनी एक नवी कॅप्सूल लिहून दिली. जेवणाबरोबर, दिवसातून तीन वेळा, जन्मभर. स्वादुपिंड अर्धं राहिलंय, ते अन्न पचवू शकत नाही, त्याचं काम ही गोळी करील.

अण्णांनी दुकानात नेहमीचा प्रश्न विचारला. "कव्हर जिलेटिनचं, जनावराच्या हाडकातलं, न्हाय न्हवं?" दुकानदारानं बघून सांगितलं, "नाही, कव्हर झाडपाल्याचंच आहे." ते खरंच होतं. बाटली सुटी मिळाली, आतला कागद नव्हता. घरी येऊन ते चंदनाला म्हणाले, "विचारलंय. शुद्ध हाय." तिनं गोळी घेतली.

गोळी लागू पडली. तिसऱ्या दिवशी कपडे धुवायचं थांबलं. अकराव्या दिवशी काट्यावर सदतीस किलो नऊशे. चंदनानं उठून स्वतः तुळशीला पाणी घातलं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी दुसरी बाटली आणली. ही खोक्यात होती आणि आत घडी घातलेला कागद होता. वाचायचाच. बारीक इंग्रजी, भिंग घेऊन बसले. औषध कशापासून काढलंय तिथं एक शब्द आला, तो त्यांना माहीत नव्हता. कॉलेजपासूनचा शब्दकोश काढला. अर्थ होता, डुकरापासूनचं.

तेहतीस वर्षं प्रत्येक कागद वाचून सही करणाऱ्या माणसानं कव्हरबद्दल विचारलं होतं, आत काय आहे ते विचारलंच नव्हतं. आणि तिला सांगितलं होतं, शुद्ध आहे.

पुण्याच्या लेकीला, दीप्तीला, त्यांनी फोन केला. ती म्हणाली, "आप्पा, आईला सांगू नका. कळलं तर ती गोळी सोडेल. आणि गोळी सोडली तर..."

"खोटं कसं बोलू गं?"

"खोटं नका बोलू, गप्प बसा. तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

डॉक्टरांनाही त्यांनी विचारलं. बुरशीपासून केलेली शाकाहारी गोळी मिळते, ते म्हणाले, पण चंदनाच्या पोटाला ती पुरायची नाही. हवं तर देऊन बघा.

सकाळी चंदनाची जपमाळ संपल्यावर अण्णा तिच्या खाटेशेजारी बसले.

"चंदना, माझ्याकडनं एक चूक झालीया."

"गॅस चालू ऱ्हायला व्हय?"

"न्हाय. गोळीची."

त्यांनी कागद पुढं केला आणि शब्दाचा अर्थ सांगितला. चंदनानं कागदाला हात लावला नाही.

"अकरा दिवस?"

"अकरा दिवस. तेहतीस गोळ्या."

"मोजल्यासा बी," ती म्हणाली. मग पाणी मागितलं, तीन वेळा चूळ भरली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

ते तिची समजूत घालायला गेले नाहीत. शाकाहारी गोळी आणली, ती तिनं घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपडे धुवायला लागले. तिसऱ्या दिवशी वजन सदतीस किलो तीनशे. डुकरापासूनची गोळी बाटलीतच राहिली. तारीख मात्र जवळ येत होती. अण्णा ठरल्या वेळेला वाटी आणत, रिकामी झाली की नेत, स्वयंपाकघरात जाऊन उभे राहत. दीप्तीचा फोन आला की म्हणत, "तिचं तिला ठरवू दे."

१२ ऑगस्टला सकाळी तिनं हाक मारली.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं?"

"न्हाय."

"मग कशाला सांगितलंसा?"

"तू आत्ता माझ्या हातचं खातीस. मी म्हणतो शुद्ध, तू तोंड उघडतीस. त्यात मी फसवलं तर माझ्या हातच्या पेजेला काय अर्थ ऱ्हायला?"

चंदना उठून बसली.

"लोकं म्हणत्यात, लेकीचं लगीन बघायचं हाय, नातवंडं बघायची हायत, म्हणून जगायचं. मला तसलं काय न्हाय. मला जगायचं हाय. नुसतं. माझ्यासाठी. हे बोलायला लाज वाटत हुती, दोन दिवस तेच चाललं हुतं."

तेहतीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं अण्णांना आठवेना. साडी घ्यायची तीसुद्धा कुणाच्या तरी लग्नाला.

"नकळत खाल्लं ते खाल्लं," ती म्हणाली. "हितनं पुढं कळून खाईन. पाप हाय ते हाय. त्याचं प्रायश्चित्त घेईन. पण उपास करायला अंगात काय हाय?"

"उपास मी करतो."

ती पहिल्यांदा हसली. "कर्म असं उसनं घेता येत न्हाय. तुमचा उपास तुमच्या पोटाला."

"मग माझ्याच चुकीचा धरतो."

तिनं चहा सोडला. माहेरापासूनची एवढी एकच आवड तिच्याजवळ होती. अण्णांनी सूर्यास्तानंतर खायचं सोडलं. पतसंस्थेत बातमी पसरायला एक दिवस पुरला. साडेसातच्या गाड्यावरची मंडळी म्हणाली, "अण्णा, आता दीक्षा घ्यायचं तेवढं ऱ्हायलं." अण्णा म्हणाले, "माझ्या वाटणीची प्लेट तुम्ही खावा, बिल मात्र मला लावू नका." पहिले आठ दिवस संध्याकाळी त्यांचं पोट खरंच दुखलं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दशलक्षण पर्व आलं. गल्लीतल्या बायका दहा दिवस बस्तीत जात होत्या, उपास करत होत्या. जयाबाई प्रसाद घेऊन आल्या आणि चंदनाच्या समोर बसल्या. चंदनानं त्यांना पेल्यातून पाणी दिलं. अण्णा आत मूग निवडत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"औंदा तुझा उपास न्हाय म्हणायचा."

"न्हाय. दिवसाला आठ वेळा खाती."

"आणि ही गोळी कसली गं, सारखी घेतीस?"

अण्णांचा हात थांबला. काही तरी सांगून वेळ मारून न्यावी, असं त्यांच्या मनात आलं. विटामिन, ताकदीची, काहीही.

"डुकरापासनं काढत्यात ती," चंदना म्हणाली.

"हळू बोल की," जयाबाई कुजबुजल्या.

"हळू कशाला? मी काय चोरलंय? माझ्या पोटात ती गाठ हुती, ती काढली, आता ह्याच्याशिवाय अन्न पचत न्हाय. माहिती काढली, इचार केला आणि घेती. देवासमोर सांगून घेती. तुला नको वाटलं तर माझ्या हातचं पाणी पिऊ नको."

जयाबाईंनी पेला उचलला की नाही, ते अण्णांना दिसत नव्हतं. थोड्या वेळानं पेला खाली ठेवल्याचा आवाज आला आणि जयाबाई म्हणाल्या, "उद्या मुगाचं कढण मी करून आणती. अण्णांचा मूग करपतोय, वासावरनं कळतंय."

अण्णा मूग तसेच ठेवून उभे राहिले. लग्नात मिळालेली बायको चार माणसांत बोलायला लागली की पदर सावरायची, आवाज बारीक करायची. आजच्या एवढा अभिमान त्यांना बढतीच्या पत्रानंही वाटला नव्हता. ते बाहेर आले नाहीत. आत्ता बाहेर जाणं बरं दिसणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

१० सप्टेंबरला भाड्याच्या गाडीनं ते बेळगावला गेले. नंबर लागायला संध्याकाळचे साडेपाच झाले. नर्सनं चंदनाला काट्यावर उभं केलं. अण्णांनी चप्पल काढायला लावली, शालही काढायला लावली. उगाच जास्तीचं वजन त्यांना नको होतं. आकडा थांबला. एकोणचाळीस किलो चारशे.

डॉक्टरांनी फाइल बघितली. "गोळ्या नियमित चालू दिसतायत. बरेच पेशंट मधेच सोडतात. कोण आठवण करून देतं?"

"कोण न्हाय," चंदना म्हणाली. "माझी मीच घेती."

अण्णा खुर्चीत जरा ताठ बसले. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवसाची तारीख लिहून दिली. केमोथेरपीचा पहिला डोस.

बाहेर आले तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. घरून आणलेला डबा दुपारीच संपला होता. आठपैकी शेवटची वेळ बाकी होती आणि सूर्य मावळायला अर्धा तासही नव्हता. दवाखान्याच्या कोपऱ्यावर अंबुबाई नावाची म्हातारी बुट्टीत केळी घेऊन बसली होती. चंदनानं स्वतः सहा केळी निवडली, तिथंच कठड्यावर बसली, पर्समधून बाटली काढली, चार अनोळखी माणसांसमोर गोळी घेतली आणि एक अख्खं केळ खाल्लं. मग दुसरं सोललं.

"तुम्ही बी खावा," ती म्हणाली. "बघत काय बसलासा? अंधार पडल्यावर मग पोट धरून बसशीला."

अण्णांनी दोन केळी खाल्ली आणि खिशातून पाचशेची नोट काढली. अंबुबाईजवळ मोड नव्हती, फोनवर पैसे घ्यायची पाटीही नव्हती. तिनं नोट परत केली. "चिल्लर इल्ल री, अण्णा. पुढच्या बारीला द्या."

गाडीवाला हॉर्न देत होता.

अंबुबाईचे तीस रुपये अजून द्यायचे आहेत.