पेंडवाल्या आक्का आणि बंड्याचा खुराक

पेंडवाल्या आक्कांचा मला अजून राग येतो. आणि त्यात नवल काही नाही, कारण स्वतः रागावल्याशिवाय त्या बाईने कुणाला काही विकलंच नाही. कासार आंबोलीच्या फाट्यावर त्यांचं पेंडीचं दुकान होतं. सरकी पेंड, भुसा, कोंबड्यांचं खाद्य आणि बंगलेवाले वाढल्यापासून कोपऱ्यात कुत्र्यांच्या खाद्याची पोती. म्हशीची पेंड मागितली तर थोडक्या कुरकुरीवर मिळायची. कुत्र्याचं खाद्य मागितलं की आक्का काट्यावरचा हात काढून घ्यायच्या आणि विचारायच्या, "वय काय? दात किती?" गिऱ्हाईक गडबडून जायचं. आपल्या कुत्र्याला दात किती हे ज्याला सांगता येत नाही, त्याला त्या सरळ परत पाठवत. "आधी त्याचं तोंड उघडून बघून ये. मग पिशवी माग."

त्या परत गेलेल्यांत मीही होते. लवळ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी कंत्राटी नोकरी आणि आंबोलीत भाड्याची खोली. वडील गेले आणि त्यांचा तेरा वर्षांचा बंड्या माझ्याकडे आला. काळा, मागच्या पायांत लटपटणारा, माझ्याशी फारसं न बोलणारा. बाबांचं म्हणावं असं एवढंच जिवंत काही माझ्याकडे उरलं होतं. मी बावधनला जाऊन म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीची सगळ्यात महागडी पिशवी आणली, त्यापायी स्वतःचा एक वेळचा डबा बंद केला, आणि बंड्याने ती हुंगून तोंड फिरवलं. पंधरा दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. मी घाबरले. त्याला घेऊन फाट्यावर गेले आणि म्हटलं, "आक्का, म्हाताऱ्या कुत्र्याला चालेल असं काहीतरी स्वस्तातलं द्या."

आक्का बाहेर आल्या. पदर खोचून खाली बसल्या आणि अंगठ्याने बंड्याचा ओठ वर केला. "दात कुटं हायेत ह्याला? चार ऱ्हायल्यात, त्ये बी हलत्यात. खडी चारतीस व्हय गं त्याला?" आजूबाजूला पाचसहा माणसं उभी होती. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

त्या दिवशी त्यांनी मला काहीच विकलं नाही. आधी पौडच्या जनावरांच्या दवाखान्यात पिटाळलं. "काय बंद करायचं त्ये डाक्टरला इचार, काय घालायचं त्ये मी सांगते." मग सांगितलं. गिचका भात, उकडलेलं अंडं, जमेल तेव्हा कोंबडीचं उकडलेलं मांस, हाडापासून बोटांनी सोडवलेलं. थोडा दुधी. मीठ नाही, कांदा नाही, घरातला रस्सा तर मुळीच नाही. त्या बावधनच्या पिशवीतलं मूठभर कोमट पाण्यात भिजवून, पार मऊ झाल्यावर भातात कालवायचं. "महागाचं हाय म्हनून फेकू नगंस, आन महागाचं हाय म्हनून त्याच्या घशात कोंबू बी नगंस." बंड्याने ताटली चाटूनपुसून साफ केली. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. ग्रंथालयात बसून मी इतकं वाचलं होतं, आणि कुत्र्याचा ओठ वर करून बघायचं काही सुचलं नव्हतं.

आक्कांचे उपकार शांतपणे घेताच येत नसत. संध्याकाळी मी एसटीतून उतरले की त्या दुकानातून ओरडत, "काय गं, शी कशी झाली त्याची?" बसमधली माणसं खिडकीतून बघायची. आणि मी, चांगली एमए झालेली बाई, भर रस्त्यात रंगासकट उत्तर द्यायची.

एकदा एक बंगलेवाले गाडीतून उतरले. त्यांचा कुत्रा राखणदाराच्या भरवशावर, हे फक्त शनिवार-रविवारी येणार. म्हणाले, "जरा स्वस्तातलं द्या. म्हातारं झालंय, आता किती दिवस उरलेत!" आक्का ताडकन उठल्या. "म्हातारं झालं म्हनून स्वस्त? उद्या तुमी म्हातारं झाल्यावर पोरांनी असंच म्हनावं का? चला, निगा हितनं." गृहस्थ गाडीत बसून गेले. मला हसू फुटलं, तशा आक्का माझ्याकडे वळल्या. "तू कशाला दात काढतीस? तू बी स्वस्तच मागाया आली व्हतीस."

"मला परवडत नव्हतं, आक्का," मी चिडून म्हणाले.

"मग तसं म्हन. परवडत न्हाई म्हनायला लाज कसली? भातावर कुत्रं जगतंय. पन किती दिस उरलेत, आसं म्हनू नगंस."

त्यांना ते वाक्य इतकं का झोंबतं, हे जत्रेच्या दिवशी कळलं. इथल्या घरांतून रीत अशी की जत्रेचं जेवण झालं की दारच्या कुत्र्यालाही हाडकांचा वाटा पडतो. तो चुकला तर घराची अब्रू जाते. माझ्या घरमालकीणबाईंनी बंड्यासाठी प्रेमाने वाडगा भरून ठेवला होता. मी दुपारी कामावरून आले, तर वाडगा जागच्या जागी आणि बंड्या गायब. आळीभर शोधलं. शेवटी सापडला तो आक्कांच्या दुकानात, पोत्यांच्या मागे, साखळीला बांधलेला. मी आक्कांवर ओरडले, तशी जन्मात कुणावर ओरडले नव्हते. "कुणाला विचारून आणलंत? माझ्या बाबांचा कुत्रा आहे तो!"

त्यांनी मला पुरतं ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "माज्या मोत्याला म्याच वाटा घातला व्हता. म्हातारं झालंय, फुडल्या जत्रंला आसंल-नसंल, म्हनून चांगलं मोठं हाडूक काडून ठिवलं. चावता येईना, तसंच गिळलं त्यानं. चार दिस वरडत व्हता." आणि लगेच आवाज चढवून, "आता हुबी काय ऱ्हायलीस? भात टाक त्याला, भुकेजलंय त्ये!"

आता तिथे दुकान नाही. पुतण्यांनी जागा विकली आणि आक्का लेकीकडे घाटापलीकडे गेल्या. मी मात्र अजून तिथेच बसमधून उतरते.

बंड्या त्या भातावर दीड वर्ष जगला, चांगला जगला. मग एका सकाळी त्याने भाताकडे पाहिलंही नाही. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, आता त्रास देऊ नका. मला ते पटलं नाही. दुकान तेव्हा होतं; मी धावत फाट्यावर गेले. आक्का शिव्या घालतील, माझी काहीतरी चूक काढतील, ती मी सुधारीन आणि तो खाईल, अशी माझी खात्री होती. मी सगळं सांगितलं. आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "आता नगं घालूस काई, बाळा. निसतं जवळ बस."

बाळा! मी दुकानाच्या पायरीवर किंचाळले, "शिव्या द्या ना मला! काय चुकलं ते सांगा!"

"काय बी चुकलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. भर दुपारी त्यांनी शटर ओढलं आणि माझ्याबरोबर खोलीवर आल्या. बंड्याच्या डोक्यावर हात ठेवून भिंतीला टेकून बसल्या. चारच्या सुमारास तो गेला. मालकीणबाईंच्या परसात आम्ही दोघींनी त्याला पुरलं. हात धुऊन निघताना आक्कांची नजर चुलीवरच्या पातेल्यावर गेली. "सकाळपासनं तू काय खाल्लं न्हाईस. त्यो भात हाय न्हवं, त्यो खा."

त्या गेल्यावर मी पातेलं पुढ्यात ओढलं. मीठ शेजारीच होतं, पण घेतलं नाही. तो अळणी, गिचका भात मी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, आणि इतक्या रागाने मी आयुष्यात कधी जेवले नाही.