तीन मडकी आणि माझा तांब्या

लेकीच्या सासरी कुंभकोणमला जायचं ठरलं आणि मी आधी पाण्याच्या बाटल्या भरायला घेतल्या. आम्ही सांगोल्याकडची, दुष्काळातली माणसं. "कावेरीकाठी पाणी घेऊन निघालेत," असं आमची ही शेजारणीला सांगून आली. सोलापूरहून चेन्नई, तिथे गाडी बदलायची. आरक्षण आधीच करा, आणि माझ्यासारखं दर स्टेशनावर उठून बसू नका.

उतरून पाहतो तर कावेरीत वाळू आणि वाळूत पोरांचं क्रिकेट. माझ्या बाटल्यांना मग कोणी हसलं नाही.

घर गावातल्याच मेलकावेरी भागात. विहीणबाई जुन्या तंजावरी घराण्यातल्या, त्यांची मराठी आपल्या पणजोबांच्या वेळची. शेत आडुतुरैकडे. पाटाचं पाणी हल्ली वेळेवर येत नाही, म्हणून यंदा भाताचीच धूळपेरणी करणार, कोरड्या मातीतच बी टाकणार म्हणाल्या. आपल्याकडे बाजरी अशी पेरतात. भात म्हटल्यावर मला घाम फुटला. गच्चीवर तीन मडक्यांत त्यांच्या सासूबाईंच्या वेळची तीन जातींची बियाणी रुजवली होती. एकदा पाणी घालायचं, मग नुसतं ऊन. जे तग धरेल तेच शेतात. निवड चुकली तर हंगाम गेला.

सगळं समजलं होतं मला. पण दुपारी त्या रोपांनी माना टाकल्या की बघवेना. सगळे झोपले की तांब्यातून थोडं, अगदी थोडंच घालायचो.

एक दिवस स्वामीमलैला मूर्तींचं ओतकाम बघून आलो. बसचं तिकीट तिथल्या कॉफीपेक्षा स्वस्त, जरूर जा. परत आल्यावर सगळे झोपले असतील म्हणून तांब्या घेऊन गच्चीवर गेलो, तर विहीणबाई मडक्यातल्या मातीत बोट खुपसून उभ्या.

"व्याही, यंदा ऊन फार दयाळू झाले. तिन्ही मडकी हिरवी."

त्यांच्यामागे आमची ही तोंडाला पदर लावून हसत होती. मी तांब्या मागे लपवला.

"तुमचे भय आम्हांस कळते," त्या म्हणाल्या. "पण शेतात ह्या रोपांस तुमचा तांब्या कोठवर पुरणार?"

त्यांनी बियाणं पुन्हा रुजवलं आणि गच्चीला कुलूप घातलं. खाली तुळशीपाशी मात्र चौथं मडकं ठेवलं. "हे तुमचे. यास हवे तेवढे पाणी घाला."

घरी आल्यावर लेकीचा फोन आला. मधल्या मडक्यातलं बियाणं निवडलं, पेरलं, आणि पाटाचं पाणी यायच्या आधीच शेत हिरवं दिसायला लागलं. माझ्या मडक्यातली रोपं बांधालगत लावली होती. ती चार दिवसांत वाळली.

हल्ली अंगणात मिरचीच्या रोपाशी मीही आधी मातीत बोट घालतो. ओल लागली तर तांब्या तसाच परत नेतो. रोज जमतं असं नाही.