जाळ्यावरून गेलेली मोटारबोट

दोन वर्षं झाली, तरी ती मोटारबोट आठवली की माझं डोकं फिरतं. म्हणून आज सगळं सांगूनच टाकते.

तेव्हा मी नुकतीच टायपिंगची परीक्षा पास झाले होते. आम्ही संत तुकाराम नगरला राहायचो, आणि आमच्या नळाला ज्या धरणाचं पाणी यायचं त्याच धरणाच्या काठावर माझा मामा राहायचा. त्याचं शेत त्या पाण्याखाली गेलेलं. मग काय करणार? शेत होतं तिथंच, वरच्या पाण्यात, तो जाळं टाकायला लागला. होडी नव्हती. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी ट्रकची जुनी ट्यूब ठिगळं लावून दिली होती. तिच्यावर फळी बांधायची, फळीवर बसायचं आणि हातांनी पाणी मारत जायचं. जाळं दिवसरात्र पाण्यात, मामा सकाळ-संध्याकाळ जाऊन मासे काढायचा. मामा-मामीचं घर त्या एका जाळ्यावर चालायचं. एका!

आणि तिथं आली ही बोट. आमच्याच पिंपरीतल्या कुठल्याशा कंपनीतल्या साहेबलोकांनी रविवारी मजा करायला आणलेली. केवढं ते इंजिन! बोट लांबून गेली तरी लाट काठावर यायची आणि मामीनं दगडावर पिळून ठेवलेलं धुणं परत पाण्यात ओढून न्यायची. पहिल्याच रविवारी बोट जाळ्यावरून गेली आणि जाळं मधोमध फाटलं.

मामा विचारायला गेला, मी सोबत. बोटीतले साहेब अगदी गोड बोलले. "अहो, तुमचं जाळं आम्हाला दिसतच नाही. काहीतरी खूण लावा ना."

"लावतो की साहेब," मामा म्हणाला. आणि खूश होऊन घरी आला, साहेब नीट बोलला म्हणून!

मी चाचांकडे ऑईलचे रिकामे डबे मागायला गेले.

"डबे कशाला पायजेत बेटा?"

"बोटवाल्यांना जाळं दिसायला."

"एवढं मोठं धरण दिसलं त्यांना, जाळं नाय दिसलं?" चाचा हसले, पण आठ डबे दिले, झाकणं पक्की करून. मामानं प्रत्येक डब्याला वर काठी बांधली आणि खाली दगड, म्हणजे काठी उभी राहील. मामीनं आपला लाल परकर फाडून आठ झेंड्या केल्या. "मासं गेलं, धुणं गेलं, आता परकर बी घ्या," म्हणाली.

रविवारी जाळ्यावर ओळीनं आठ झेंड्या, आणि आम्ही काठावर उभे. बोट आली. झेंड्या बघितल्या. जरा हळू झाली, आणि मामा म्हणाला, "बघ, दिसलं त्यास्नी."

दिसलंच होतं! बोट सुसाट सुटली आणि पहिल्या झेंडीच्या डावीकडून, दुसरीच्या उजवीकडून, तिसरीच्या डावीकडून, अशी नागमोडी निघाली. बोटीतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. आम्ही जाळं वाचवायला झेंड्या लावल्या, आणि त्यांना वाटलं यांनी आपल्याला खेळ मांडून दिलाय! शेवटच्या झेंडीला वळून ते परत आले, पुन्हा तसेच. जाळ्याच्या चिंध्या.

मामानं तीन दिवस बसून जाळं शिवलं. मी तीन दिवस अर्ज टाईप केला. वल्ह्याच्या बोटी खुशाल चालवा, शिडाच्या चालवा, मोठ्या इंजिनाच्या तेवढ्या या पाण्यात नकोत, एवढंच मागितलं होतं. धरणावरच्या इंजिनियरसाहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "टायपिंग छान आहे." टायपिंग! मग म्हणाले, "बोटींबद्दल आपल्याकडे नियम नाही. जाळ्याला मात्र परवाना लागतो. आहे का?"

मामानं पिशवीतून परवाना काढून टेबलावर ठेवला. तेव्हा कुठं साहेब म्हणाले, "बरं, रविवारी येऊन बघतो."

आले. आणि बसले कुठं? त्याच बोटीत! फेरी मारून हसत उतरले. "काही विशेष त्रास वाटत नाही हो. मस्त चालते."

"साहेब, आत बसून कसा वाटेल त्रास?" मी ओरडलेच. मामानं माझा हात ओढला आणि स्वतः हळूच म्हणाला, "साहेब, त्यांच्यात बसलात, आता आमच्यात बी बसा. एकाच घरी जेवून दुसऱ्याची चव कशी कळंल?"

काठावरची माणसं हसली. आता नाही कसं म्हणणार? साहेब ट्यूबवरच्या फळीवर बसले, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. मामा पोहत ढकलत निघाला. जाळ्याजवळ पोचले न पोचले तोच बोट दुसऱ्या फेरीला आली, झेंड्यांमधून, तश्शीच. लाट आली आणि ट्यूब पालथी! मामानं कॉलर धरून साहेबांना वर काढलं. बाहेर आले तेव्हा एका पायात बूट नव्हता.

साहेब पँट पिळायलाही थांबले नाहीत. सरळ ऑफिसात. क्लार्कची सुट्टी होती. "तूच टाईप करतेस ना? बस." आदेश असा, की मोठ्या इंजिनाची बोट या पाण्यात यापुढे चालणार नाही, वल्ह्याची आणि शिडाची चालेल. माझी बोटं नुसती पळत होती. शेवटी ते म्हणाले, "वर लिही, आम्ही स्वतः पाहणी केली असता धोका आढळला."

मी थांबले. "आणि मामाचा अर्ज?"

"त्याची गरज नाही."

गरज नाही! माणूस दोन आठवडे फाटकं जाळं शिवत बसलाय, त्याची गरज नाही, आणि साहेब एकदा भिजले की लगेच धोका आढळला!

"अर्ज आला म्हणून तर तुम्ही आलात," मी म्हणाले.

दारात मामा निथळत उभा होता. "पोरी, कर की टाईप. बोट थांबती न्हवं?"

मी केलं. बटणं अशी आपटली की पूर्णविरामांनी कागदाला भोकं पडली. साहेबांनी सही केली, एक प्रत आम्हाला दिली.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "वाच."

मी वाचलं. मामा डोळे मिटून ऐकत होता. "म्हंजी ह्यात आमी न्हाईच?"

"नाही मामा."

 मग मामानं कागद भिजू नये म्हणून माझ्याकडेच ठेवायला सांगितला आणि जाळं किती उरलंय ते बघायला पाण्यात उतरला.