निरीक्षणाचा रकाना

पोळीवर साय पसरायची, वरून साखर भुरभुरायची आणि तिची घट्ट सुरळी करायची – एवढ्याशा सुरळीपायी मी बारा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले आहे. आमच्या ह्यांना सांगितलं नाही, मुलाला नाही, देवापुढेसुद्धा नुसतीच हात जोडून उभी राहिले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मध्येच "अगंबाई, काय म्हणता!" असं ओरडणार नाही. ओरडलात तरी मला ऐकू येणार नाही.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी लहानच. तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. अंगात भरपूर ताकद आणि डोक्यात त्याहून भरपूर शहाणपण. अशा बाईला कोण काय सांगणार? आज ती मंडईत समोरून आली, तर मी ओळख न दाखवता पलीकडच्या गाळ्यावर जाईन.

माझी नात रेवा तेव्हा सहा वर्षांची होती. स्वमग्न. बोलत नव्हती म्हटलं तरी चालेल. काय खायचं ते तिचं तिनेच ठरवलेलं – सगळे मिळून सात-आठ पदार्थ. त्यांचा रंग बदललेला चालायचा नाही, ताटली बदललेली चालायची नाही. अशात माझ्या सुनेने, केतकीने, एका आहारतज्ज्ञ बाईंना विचारून ठरवलं की काही महिने गहू बंद, दूध बंद. बघू फरक पडतो का. काही मुलांना पडल्यासारखा वाटतो, काहींना नाही. त्या बाईंनीही खात्री दिली नव्हती. "आई, करून तर बघू," केतकी म्हणाली. "बघू की," मी म्हटलं. मनात म्हटलं, नसते चोचले.

पथ्य आलं आणि त्याच्या मागोमाग पथ्याचे त्रास आले. पोळी गेली तसं पोरीला चार-चार दिवस शौचाला होईना. पोटऱ्या दुखायच्या, सांगता येत नसे, म्हणून भिंतीवर पाय आपटायची. केतकीने त्याचा अभ्यासच मांडला. काळ्या मनुका भिजवून त्यांचं पाणी, दुधाऐवजी नाचणीची पेज, तिळाची पूड, कॅल्शियमचं औषध. आणि अंगाला काही लागावं म्हणून गूळ-दाण्याचा लाडू – तो मात्र रेवाला मनापासून आवडला. हे सगळं करून ठेवून केतकी आणि माझा मुलगा सकाळी आठला खराडीला ऑफिसात जायचे, ते संध्याकाळी सातला परत. मधले अकरा तास माझे.

आणि वहीही माझी. आहारतज्ज्ञ बाईंना नोंदी हव्या होत्या – काय खाल्लं, किती, नंतर पोट कसं, झोप कशी. मी पट्टीने रकाने आखले. शेवटच्या रकान्यावर 'निरीक्षण' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. शाळेत पोरं आधी उत्तर ठरवायची आणि मग त्याला शोभेलसं निरीक्षण लिहायची. ते मला नुसत्या वासावरून कळायचं. लाल शाईने 'पुन्हा करा' लिहून वही परत!

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी माझ्यासाठी म्हणून सुरळी केली. रेवा आली आणि माझं मनगट धरून त्या सुरळीकडे बघत उभी राहिली. दिली. काय सांगू – डोळे मिटून खाल्ली तिने. त्या दिवशी वहीत मी लिहिलं: तांदळाची भाकरी अर्धी, लाडू एक. सुवाच्य अक्षरात.

मग आठवड्यातून दोनदा. मग तीनदा. साय कमी, म्हणून लोणी कमी, म्हणून तूप कमी. आमचे हे तुपाची बरणी उजेडात धरून म्हणाले, "म्हशीलाही पथ्यावर ठेवलंय वाटतं." मी दूधवाल्यावर ढकललं, बिचाऱ्याला दारात चार शब्द ऐकवलेसुद्धा. हसू येतंय ना? मलाही येतं. गोष्ट एवढीच असती तर मी केव्हाच सांगितली असती. आज्या असलं करतात, आणि नंतर मिरवतातही.

पण वही होती ना.

सुरळीच्या दुसऱ्या दिवशी रेवाचं पोट बिघडायचं. वहीत आदल्या दिवशी काय असायचं? लाडू. दर वेळी लाडूच – कारण सुरळीच्या जागी काय लिहावं हे मला दुसरं सुचायचंच नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यावर बरोबर बोट ठेवलं. शेंगदाणे सोसत नाहीत म्हणाल्या. शेंगदाणे बंद.

ज्या मुलीचं सगळं जग सात-आठ पदार्थांचं, तिचा एक गेला. ती लाडवांचा डबा उघडायची, आत बघायची, झाकण लावायची, पुन्हा उघडायची. माझं काळीज तुटलं – आणि तुटल्या काळजाने मी काय केलं असेल? आणखी एक सुरळी. आता वहीत लाडू तर लिहिता येईना. केळं लिहिलं. पुढच्या महिन्यात केळं बंद.

कळतंय ना कसं चाललं होतं? मला थांबता आलं असतं. रोज संध्याकाळी सातला दाराची घंटा वाजली की सांगता आलं असतं. रेवाचं वजन उतरायला लागलं. फ्रॉकच्या गळ्यातून खांद्याची हाडं दिसायला लागली. केतकी रविवारी तिला काट्यावर उभी करायची आणि आकडा बघून, उतरवून पुन्हा एकदा उभी करायची. तिला वाटायचं, आपल्यालाच हे नीट जमत नाही. आणि मी? मी बहिणीला फोनवर सांगत होते, "सुनेने उपाशी ठेवलंय गं पोरीला!"

एकदा आहारतज्ज्ञ बाईंनी सरळच विचारलं, "घरात कुणी चोरून काही देत नाही ना?" केतकी हसली. "छे हो! सासूबाई विज्ञानाच्या शिक्षिका. त्यांची वही बघा ना तुम्ही." मी शेजारच्याच खुर्चीवर होते. मी वही उघडून दाखवली.

तरीही – जे सांगायचं आहे, ते हे नव्हे.

एका रविवारी सकाळी केतकी ओट्यापाशी काही चिरत होती. रेवाने येऊन माझं मनगट धरलं, मला ओढत फ्रिजपाशी नेलं आणि माझा हात दारावर ठेवला. केतकीने सुरी खाली ठेवली. पोरगी आपणहून काही मागते आहे, हे तिला अप्रूप. तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "काय हवंय रेवू? आई, काय मागतेय हो ती?"

"पाणी," मी म्हटलं. "हल्ली गार पाणी लागतं तिला."

केतकीने पाणी दिलं. रेवाने पेला ढकलला आणि माझा हात पुन्हा दारावर ठेवला. पुन्हा पाणी. पुन्हा हात. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघितलं – जी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे, तिने – आणि मग स्वतःचंच मनगट कडकडून चावलं. व्रण चार दिवस राहिला. एका न बोलणाऱ्या मुलीने तिला येत होतं तसं, अगदी नेमकं सांगितलं होतं. आणि ते कळणारं घरात एकच माणूस होतं. निरीक्षणाच्या रकान्यात मी लिहिलं: 'कारण नसताना चिडचिड.'

सुरळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या. शहाणपण आलं म्हणून नव्हे. पकडली जाईन म्हणून.

पुढच्याच महिन्यात मुलांच्या डॉक्टरांनी रेवाचं वजन बघितलं आणि पथ्य थांबवायला सांगितलं. तिला त्याचा उपयोग झाला असता का? कदाचित नसताही. पण ते आता कुणालाच कधी कळायचं नाही. ते कळण्याची सोय मी बिघडवून ठेवली. आज ती अठरा वर्षांची आहे. कात्रजच्या बाजूला एका कार्यशाळेत जाते, पोळी खाते, दूध पिते. दाण्याचा लाडू पुढे केला तर तोंड फिरवते.

पथ्य सुटलं त्या संध्याकाळी केतकी तिला गरम पोळी भरवत बसली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सांगायचंच, असं ठरवून उभी होते. 'केतकी, माझं चुकलं' एवढं पहिलं वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. माझी चाहूल लागली तशी तिने मान वळवली. डोळे रडून सुजलेले होते, पण चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा दिसत होता. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली,

"आई, नाही झाला उपयोग तर नाही झाला. पण आपण दोघींनी अगदी प्रामाणिकपणे केलं. आता मला कसलीच रुखरुख नाही."