दाब सुटताना

हिरवा रंग इतका गार असू शकतो, हे तो जेडचा खडा तळहातावर घेतला तेव्हा मला कळलं. ओल्या शेवाळासारखा गर्द, आत कुठेतरी धुकं कोंडून ठेवल्यासारखा अर्धपारदर्शी, आणि चिमुकल्या देहाच्या मानाने केवढा जड! खिडकीच्या उजेडात धरला, तर त्या हिरव्या गाभ्यातून तिरकी धावत गेलेली केसाएवढी रेष दिसली.

खडा ताईसाठी होता. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न न करता आमच्याकडेच राहिलेली. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, तेव्हापासून तिला भरवणं, पुसणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रंदिवस तिची कूस बदलणं, हे सारं वर्षानुवर्षं ताईने केलं. गेल्या थंडीत आई गेली आणि ताईची वाचाच बसली. मग अन्नही दोन घासांवर आलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "असंच चाललं तर हाती लागणार नाहीत." आता वाणीचा कारक बुध आणि बुधाचं रत्न पाचू, पाचू आपल्याला झेपायचा नाही, म्हणून मी सराफ बाजारातून त्याचा हा गरीब चुलतभाऊ घेऊन आलो. विज्ञानाचा पदवीधर मी! बहिणीला बोलतं करायला दगड आणतो, आणि तोही तडकलेला! भंगलेलं रत्न अंगावर घालू नये, एवढं शास्त्र मात्र मला पाठ.

"दुकानदाराला सोडत नाही आता," मी गरजलो. माझी मुलगी ईरा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. तिने खडा भिंगाखाली धरला आणि हसली. "बाबा, दुकानदाराशी काय भांडतोस? भांडायचं तर पृथ्वीशी भांड. ही चीर जन्माची आहे."

मग तिने जे सांगितलं ते ऐकताना माझा आवाज आपोआप खाली आला. म्हणे, हा दगड घडतो तो भूपृष्ठाच्या खूप खाली, जिथे पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सरकत जातो आणि माथ्यावर अख्ख्या पर्वतांचा भार असतो. त्या भाराखाली त्याचे स्फटिक एकमेकांत असे गुंतत जातात, की हातोड्यालाही तो सहजी दाद देत नाही. "मग तडकतो कशाने?" मी विचारलं. "कधी जमिनीच्या हिसक्यांनी. आणि कधी वर येताना," ती म्हणाली. "खाली असतो तोवर दाबानेच सगळीकडून धरून ठेवलेला असतो ना. वर येताना दाब सुटतो तसा दगड फुगतो, निवताना आक्रसतो, पण सगळीकडे सारखा नाही. मग आतून चिरतो. सावकाश आला, तर वाटेत खनिजाचं पाणी झिरपून काही चिरा भरूनही निघतात."

दाब सुटतो! आपल्या भाषेत हा केवढा मंगल शब्द! आईच्या दहाव्याला सायखेड्याची मामी ताईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली होती, "म्हातारी सुटली गं बाई, अन् तू बी सुटली. लय केलंस. आता हात बी लावू नको कशाला." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तेरावा होताच मी आईचा पलंग देऊन टाकला, खोलीला रंग काढला, ताईच्या हातातली विळीसुद्धा बायकोने प्रेमाने काढून घेतली. माणसाच्या अंगावरून एवढा पर्वत आपण एका आठवड्यात उचलला आणि वर म्हणालो, "ताई, आराम कर!" कौतुकाने केलं हो सगळं. पण कौतुकाला तरी कुठे कळतं, की ज्या भाराने एखादं माणूस दबलेलं दिसतं, त्याच भाराने ते जोडलेलंही असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉटवर आडवा झालो आणि कण्हू लागलो. अभिनय हा आपला प्रांत नव्हे. शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम द्यायचे, तेही वाऱ्याच्या प्रवेशात चुकायचं. "ताई, कंबर धरली गं. कुशीवर वळता येईना." दारातून बायकोने कपाळाला हात लावला. बराच वेळ काही झालं नाही. मग पावलं वाजली. ताईने एक हात माझ्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, गुडघा कॉटला टेकवला आणि माझा हा लठ्ठ, लबाड देह एका लयीत भिंतीकडे वळवला. पाठीशी उशी लावली. सदरा ओढून चुण्या मोडल्या. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज ऐकला मी. कोरडा, पण केवढा मायाळू!

"झालं हं, आई. झालं."

भिंतीला नवा रंग होता. मी भिंतीकडेच तोंड करून पडून राहिलो. 'ताई, मी आहे गं' एवढे चार शब्द ओठांवर आले आणि तिथेच थिजले. थोड्या वेळाने ती मला दुसऱ्या कुशीवर वळवायला परत आली, तेव्हा मी अंग सैल सोडलं आणि डोळे मिटून घेतले.