ठरावाच्या विरोधात एक हात

“आणि हे पाळणार कोण?”

एवढं विचारून ते चष्मा काढायचे आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत बसायचे. काचा स्वच्छच असायच्या. समोरच्याला उत्तर सुचायला वेळ मिळावा, आणि आपण त्याच्याकडे रोखून बघतोय असं त्याला वाटू नये, म्हणून ही सोय होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. उत्तर आलं की चष्मा नाकावर. नाही आलं तरी चष्मा नाकावर, आणि पुढचा विषय.

नारायण पेठेतल्या आमच्या युवक मंडळाचे ते कार्यवाह. मंडळ म्हणजे एका शाळेच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. एकीत व्यायामाचं सामान, दुसरीत वाचनालय. उन्हाळ्यात मुलांची शिबिरं, गणपतीत व्याख्यानं. ‘युवक’ म्हणवून घ्यायचं त्यांचं वय केव्हाच मागे पडलं होतं, पण कार्यवाहपद घ्यायला दुसरं कुणी पुढे येत नव्हतं. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळे ‘कार्यवाह’च म्हणायचे. त्यांची आईसुद्धा. जिन्यात पाऊल वाजलं की म्हातारी आतून विचारायची, “आले का आमचे कार्यवाह? आज जेवायला मंडळाची परवानगी आहे ना?”

नोकरी टेलिफोन खात्यात. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी चष्मा पुसला असता.

एकदा सभेत ठरलं की दर रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून गल्ली झाडायची. पहिल्या रविवारी झाडू कमी पडले. पुढच्या रविवारी माणसं कमी पडली. त्यानंतर मी दूध आणायला निघालो की एकटे कार्यवाह झाडताना दिसायचे. मला बघून म्हणायचे, “जरा कडेने जा, धूळ उडतेय.” एवढंच. त्यात टोमणा असेल म्हणून मी पुष्कळ शोधला. पुण्यात वाढलेल्या माणसाला टोमणा सापडू नये म्हणजे तो नव्हताच.

तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल, तर ते कसे होते हे मी फार सांगायला नको. ठरावाची गोष्ट तेवढी सांगतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. शहरात एक नवी सून जळून गेली. स्टोव्हचा भडका उडाला, असं सासरचे म्हणत होते. तिने माहेरून काय आणलं नव्हतं, ते सगळी पेठ कुजबुजत होती. मोर्चे निघाले. आमच्या मंडळात तेव्हा मोजक्याच मुली यायच्या, त्यांतली विद्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती मासिक सभेत उभी राहिली आणि तिने ठराव मांडला : मंडळाच्या सभासदाने हुंडा घेऊ नये, देऊ नये, आणि ज्या लग्नात हुंडा घेतला जातोय त्या लग्नाला जाऊ नये.

खोलीत एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, हे व्यायामाचं मंडळ आहे, इथे घराघरातल्या भानगडी कशाला? कुणी म्हणालं, आपल्याला देणग्या देणाऱ्यांनीच मुलांच्या लग्नात काय काय घेतलंय ते माहीत आहे ना? विद्या म्हणाली, “माहीत आहे, म्हणूनच मांडतेय.”

मग कार्यवाह उठले. “माझा हुंड्याला विरोध आहे,” ते म्हणाले. “आणि ठरावालाही.”

“म्हणजे नेमकं काय?” विद्याने विचारलं.

“मी एकट्याने म्हटलं तर भांडण माझ्या घरात होईल. ते मी निस्तरेन. मंडळाने म्हटलं तर ते इथल्या प्रत्येकाच्या घरात होईल. इथे बसलेली मुलं बापाच्या जिवावर जेवतात. त्यांना आपण कुठल्या तोंडाने सांगणार? आणि ती भांडणं निस्तरायला मंडळ जाणार नाहीये.”

“म्हणून गप्प बसायचं? अहो कार्यवाह, गप्प बसणं हीसुद्धा भूमिकाच आहे. ती मुलगी गेली तेव्हा तिच्या गल्लीतलं मंडळही गप्पच होतं.”

त्यांनी चष्मा काढून परत घातला. मग म्हणाले, “हे खरं आहे.” आणि नंतर, “पण हे पाळणार कोण?”

“आम्ही!” असं चहूबाजूंनी ओरडून उत्तर आलं. मीही ओरडलो. हात वर झाले. विरोधात एकच हात होता, तो त्यांचा.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांच्या सुरेख अक्षरात ठराव लागला. खाली एक ओळ जास्तीची होती : ‘सर्व सभासदांवर बंधनकारक.’ ती विद्यालाही सुचली नव्हती.

त्यानंतरच्या लग्नसराईत मंडळाची जी त्रेधा उडाली ती बघण्यासारखी होती. एकजण चुलतभावाच्या लग्नाला गेला, पण म्हणे मंडपाबाहेरच्या खुर्चीवर बसला. दुसऱ्याने सांगितलं की तो हुंडा नव्हताच, मुलीच्या वडिलांनी हौसेने स्कूटर दिली. आमचे खजिनदार म्हणाले, “मी जेवलो नाही हो. नुसता मसालेभात चाखला.” कार्यवाह सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. कुणाला जाब विचारलाय असं झालं नाही. विद्या मात्र चिडायची. तिला म्हणायचे, “ठराव आपण आपल्यासाठी केलाय. लोकांची ताटं मोजायला नाही.”

आणि एक गोष्ट अशीही घडली. मंडळातला एक अबोल मुलगा, वडिलांपुढे मान वर न करणारा. घरात त्याच्या लग्नाची देण्याघेण्याची बोलणी चालू असताना तो म्हणाला, “घेतलंत तर मला मंडळातून काढतील.” वडील आधी हसले, मग तावातावाने मंडळात आले. “माझ्या मुलाला काढणार तुम्ही?” कार्यवाह म्हणाले, “काढायचं ठरावात नाही. पण तुमच्या मुलाला तसं वाटत असेल, तर तेही वाईट नाही.” वडील खूप बोलले आणि निघून गेले. ते लग्न काही न घेता झालं. त्या संध्याकाळी कार्यवाह मला म्हणाले, “त्याला स्वतःचं म्हणून हे बोलता आलं नसतं. मंडळाचं म्हणून बोलता आलं. हे मला सभेत सुचलं नव्हतं. विद्याला सांगायला हवं.” आणि त्यांनी खरंच सांगितलं, सगळ्यांच्या देखत.

त्यांची धाकटी बहीण कर्वेनगरला राहायची. नवरा शाळेत शिक्षक. मुलगी वर्षा, मामाची फार लाडकी. लहानपणी सुट्टीत ती मामाकडेच असायची, वाचनालयात टेबलाखाली बसून चित्रं काढायची. तिचं लग्न ठरता ठरत नव्हतं. अखेर एके ठिकाणी जमलं. मुलाकडच्यांनी सोनं मागितलं, वर रोख रक्कम. बहिणीने होकार दिला.

कार्यवाह तिच्याकडे गेले. त्यांची आई थकली होती, तिलाही न्यायचं होतं, म्हणून हात द्यायला मी बरोबर होतो. शेजारीच राहत होतो ना. बोलणं माझ्यासमोरच झालं.

“नको देऊस,” ते म्हणाले. “थांब थोडं. आपण दुसरं बघू.”

“किती थांबू, दादा? तू बघितलंस ना, किती जण पोहे खाऊन गेले ते?”

“मग मला येता येणार नाही.”

बहीण त्यांच्याकडे बघतच राहिली. “त्या ठरावापायी? अरे, तू तर त्याच्या विरोधात होतास! आईनेच सांगितलंय मला.”

“होतो. पण तो पास झाला.”

“मामाशिवाय मुलगी बोहल्यावर जाईल? तिच्या मागे उभं कोण राहणार? मंडळ?”

वर्षाने चहा आणला. तिने मामाच्या कपात साखर कमी घातली होती, त्यांना तशी लागायची. कप देताना ती म्हणाली, “मामा, चहा गार होईल.” त्यांनी तो सगळा प्यायला आणि आईला हात देऊन उठवलं.

ही गोष्ट मंडळात पोचायला वेळ लागला नाही. विद्या स्वतः त्यांच्या घरी आली. “तुम्ही जा,” ती म्हणाली. “आम्ही कुणी काही म्हणणार नाही. ठराव केला तेव्हा हे असं होईल असं वाटलं नव्हतं हो.”

“असंच होतं. मी तेच सांगत होतो.”

“मग आपण तो मागे घेऊ. उद्या सभा बोलावते.”

“जरूर बोलवा. मी विरोधात मत देईन.”

विद्याला रडू आलं की हसू, ते तिचं तिलाच कळेना. आतून म्हातारी म्हणाली, “त्याचा हात नेहमी विरोधातच वर होतो गं. लहानपणापासून.”

लग्नाच्या दिवशी आईला न्यायला त्यांनी रिक्षा आणली. मी होतोच. कार्यालयाच्या दारात सनई चालू होती, रांगोळीवरून माणसं जपून आत जात होती. त्यांनी आईला उतरवलं, तिचा पदर सारखा केला, काठी हातात दिली. बहीण दारातच पाहुण्यांच्या स्वागताला उभी होती. दोघांची नजर भेटली. मला वाटलं, आता ते आत जातील. बहिणीलाही वाटलं असावं, कारण ती बाजूला सरकली.

“आईला खुर्ची दे,” ते म्हणाले. “खाली बसवू नकोस. गुडघे दुखतात तिचे.”

आणि ते वळले. मी म्हातारीला आत बसवून पळत बाहेर आलो तेव्हा ते बरेच पुढे गेले होते. दोघं चालत मंडईत आलो. घरी आज त्यांच्या एकट्याचाच स्वयंपाक होता. त्यांनी वांगी घेतली. भाजीवालीने सांगितला तो भाव तसाच दिला. कार्यवाहांनी घासाघीस न करता भाजी घेतलेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. भाजीवालीनेही मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

वर्षाच्या मागे कुणीतरी चुलतमामा उभा राहिला. तिचा संसार चांगला झाला, हे सांगायला हवं. कसला जाच नाही, काही नाही. बहीण म्हणायची, “बघ! काय वाईट झालं?” पण हे ती इतरांना म्हणायची. दादाशी ती बोलत नव्हती. भाऊबीज बंद झाली. म्हातारी दोघांकडे निरोप पोचवून दमली आणि एक दिवस गेली. तेव्हा बहीण आली, दिवसकार्य होईपर्यंत राहिली, स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं आणि परत गेली. तेवढ्या दिवसांत दोघं मिठाच्या डब्याबद्दल बोलले असतील, फार तर.

ठराव राहिला. त्यापायी काही घरांनी मुलांना मंडळातून काढून घेतलं, देणग्याही आटल्या. विद्याने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. कार्यवाह तिथे इस्त्रीचा सदरा घालून आले आणि दोनदा जिलबी मागून घेतली. संस्थेने भूमिका घ्यावी की नाही, यावर दोघांचं पुढेही कधी एकमत झालं नाही. ती मुंबईला गेली तरी सुट्टीत येऊन वाद घालायची. एकदा तो वाद इतका रंगला की वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली आणि शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला.

पुढे पेठेतली त्यांची इमारत पाडायला घेतली. निवृत्त झालेले कार्यवाह कर्वेनगरला एका खोलीत राहायला गेले, बहिणीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तिथेच का घेतली खोली, असं मी विचारलं, तर म्हणाले, “भाडं बरं होतं.”

महिनाभर काही नाही. मग एका सकाळी वर्षाची मुलगी जिना चढून आली. शिकायला म्हणून ती आजीकडे राहत होती, तिथेच राहून हिंजवडीला नोकरीला लागली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. “मामाआजोबा, आजीने दिलाय. गरम आहे तोवर खा म्हणाली.” कंपनीची बस त्यांच्याच कोपऱ्यावरून सुटायची. मग रोजचंच झालं. कार्यवाह सकाळी कोपऱ्यावर येऊन उभे राहायचे, पाठीला सॅक लावलेल्या पोरापोरींच्या घोळक्यात, हातात कालचा घासलेला डबा. भरलेला घ्यायचे, रिकामा द्यायचे. तो रिकामा डबा मग दिवसभर हिंजवडीला जाऊन संध्याकाळी आजीकडे परत यायचा. “आमच्या डब्याला नोकरी लागली,” असं ती मुलगी म्हणायची. बहीण-भाऊ एकमेकांकडे जायला लागले ते त्याच्याही नंतर.

ते गेल्यावर मी बहिणीला भेटायला गेलो. मला वाटलं होतं, आता ती म्हणेल की दादाचं बरोबर होतं. ती म्हणाली, “त्याने आत यायला हवं होतं. मी अजूनही म्हणते. माझी मुलगी दाराकडे बघत होती.” मग थोड्या वेळाने, “त्याला कोबी आवडत नव्हता. एका शब्दाने बोलला नाही कधी. सगळा खाऊन डबा घासून पाठवायचा. मला शेवटच्या वर्षी कळलं.”

ते गेले त्या सकाळी कोपऱ्यावर आले नव्हते. वर्षाच्या मुलीने बसवाल्याला थांबायला सांगितलं, वर खिडकीकडे पाहून दोन हाका मारल्या. झोप लागली असेल, असं तिला वाटलं. आजीला फोन करून “जरा बघून ये गं” म्हणाली. बस हॉर्न देत होती, तशी ती चढली. बहीण दोन गल्ल्या ओलांडून निघाली, आणि मुलीच्या मांडीवर तो डबा भरलेलाच हिंजवडीला गेला.